अक्रोडाच्या फर्निचरवरचं ठिगळ पुन्हा पुन्हा का दिसू लागतं?

"अरे, तुझा तो चौकोन परत दिसायला लागला."

मावशीने मला हे दोनदा ऐकवलं आहे. तिच्या लिहायच्या टेबलाच्या पुढच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, साधारण काडेपेटीएवढा. मी तिथे अक्रोडाचा तुकडा बसवला, रंग जुळवला, पॉलिश मारलं. त्या दिवशी जोड कुठे आहे ते माझं मलाच चाचपून शोधावं लागत होतं. आठ महिन्यांनी तोच तुकडा फिकट, पिवळट होऊन टिकली लावल्यासारखा उठून दिसू लागला. मी तो खरवडला आणि पुन्हा रंगवला, या वेळी जरा गडद. वर्षभरात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी रंगाचा डबा उघडण्याआधी भिंग घेऊन बसलो, तेव्हा कळलं की मी दोन्ही वेळा चुकीच्याच गोष्टीशी झगडत होतो.

अक्रोडाचं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. दोष सहसा हाताच्या सफाईचा नसतो. अक्रोड उजेडात कसा वागतो ते लक्षात घेतलेलं नसतं, किंवा समोरचं लाकूड मुळात अक्रोडच नसतं.

आधी लक्षण नीट पाहा

"रंग जुळत नाही" म्हणून भागत नाही. ठिगळ पहिल्या दिवशी जुळलं होतं आणि महिन्यांनी फिकं पडलं, तर कारण उजेडात आणि वापरलेल्या रंगात शोधायचं. पहिल्या दिवसापासूनच गडद दिसत असेल तर बहुधा जुनं लाकूड उन्हाने उतरलेलं आहे आणि तुमचा तुकडा ताजा आहे. एका बाजूने उभं राहिल्यावर गडद आणि दुसऱ्या बाजूने फिकं दिसत असेल, तर रंगाचा संबंधच नाही. तुकडा उलटा बसला आहे. राखाडी, निर्जीव दिसत असेल तर वरच्या पॉलिशकडे बघा. काळेनिळे ठिपके लोखंडाचे असतात. आणि छिद्रांत पांढरं दिसत असेल तर ती वाळलेली लांबी (छिद्रं भरायची पुट्टी) किंवा मेण.

माझं पहिलं लक्षण होतं, पण त्यात आणखी दोन मिसळलेली होती. बहुतेक वेळा असंच असतं, म्हणून एक कारण सापडलं की लगेच थांबू नका.

हे अक्रोडच आहे का?

दुकानात "वॉलनट" म्हणतात त्यातलं बरंचसं अक्रोड नसतं. "वॉलनट फिनिश" म्हणजे फक्त रंग. खाली रबरवूड, बीच, पॉपलर काहीही असू शकतं. नावांचा गोंधळ याहून जुना आहे. आफ्रिकन वॉलनट हे महोगनीच्या कुळातलं लाकूड. ब्राझिलियन वॉलनट म्हणून विकतात ते इपे, अक्रोडाच्या कितीतरी पट कठीण. क्वीन्सलँड वॉलनट दालचिनीच्या कुळातलं. जुन्या फर्निचरमधलं सॅटिन वॉलनट म्हणजे अमेरिकन स्वीटगम, आणि ईस्ट इंडियन वॉलनट म्हणजे आपला शिरीष. यातलं एकही जुग्लान्स, म्हणजे खऱ्या अक्रोडाच्या, वंशातलं नाही. खरे अक्रोड मुख्यतः दोन: उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला काळा अक्रोड, म्हणजे जुग्लान्स नायग्रा, आणि ज्याची फळं आपण खातो तो जुग्लान्स रेजिया. पहिल्याचा गाभा, म्हणजे खोडाच्या मधलं लाकूड, चॉकलेटी, कधी जांभळट छटेचा. दुसऱ्याचा बहुधा जरा राखाडी, त्यात गडद रेघा पळताना दिसतात. बटरनट हाही त्यांचाच भाऊ, पण फिका आणि मऊ.

पहिली चाचणी अगदी सोपी. ड्रॉवर बाहेर काढा किंवा टेबल उलटं करा. कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी धारदार पटाशीने नखाएवढी ढलपी काढा. खालून पांढरं किंवा गुलाबीसर लाकूड निघालं आणि तपकिरी रंग फक्त ढलपीवर राहिला, तर ते रंगवलेलं दुसरंच लाकूड आहे. गाभ्याचा अक्रोड आतपर्यंत तपकिरी असतो. फक्त एक खबरदारी: अक्रोडाच्या खोडाचा बाहेरचा भाग मुळातच पांढरट असतो. तेव्हा पांढरं दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका, दुसऱ्या जागीही ढलपी काढून बघा.

दुसऱ्या चाचणीला दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. लाकडाचं टोक, म्हणजे जिथे फांदी कापल्यासारखी वर्तुळं दिसतात ती बाजू, नव्या ब्लेडने एका झटक्यात कापा. पॉलिश पेपरने घासू नका, भुसा छिद्रांत बसतो आणि काहीच दिसत नाही. कापलेल्या जागेवर पाण्याचा थेंब लावा आणि उजेडाकडे धरा. अक्रोडात प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं असतात आणि वर्तुळाच्या शेवटाकडे ती हळूहळू लहान होत जातात. हे "हळूहळू" महत्त्वाचं आहे. ओक किंवा सागात मोठ्या छिद्रांची माळ एकदम संपते आणि पुढे बारीक छिद्रं सुरू होतात. अक्रोडात अशी सीमारेषा नसते. छिद्रांच्या मधून वर्तुळाला समांतर जाणाऱ्या केसासारख्या फिकट रेघा दिसतात. मध्यापासून सालीकडे जाणारे किरण इतके बारीक असतात की भिंगाशिवाय नजरेत भरत नाहीत.

वजनाचाही अंदाज घ्या. काळ्या अक्रोडाचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण 610 किलो भरतं, शिसवी त्याहून बरीच जड आणि बटरनट 435 च्या आसपास. सुटा तुकडा हातात असेल तर एवढा फरक तराजूशिवाय कळतो. लोखंडाच्या पाण्याने अक्रोड काळा पडतो म्हणून ती चाचणी करा, असं काहीजण सांगतात. काळा पडतो हे खरं, पण ओकही पडतो आणि टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेली इतर अनेक लाकडंही पडतात. उगाच एक डाग पडेल आणि कळणार काहीच नाही.

आणि हे सगळं एकाच जागी तपासून निर्धास्त होऊ नका. वरची फळी अक्रोडाच्या विनियरची, म्हणजे दुसऱ्या लाकडावर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याची, आणि पाय रंगवलेल्या स्वीटगमचे, असं फर्निचर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरपूर बनलं. मावशीच्या टेबलाचंही तेच निघालं. फळी आणि तिची पट्टी अक्रोडाची, पाय भलत्याच लाकडाचे. पहिल्या खेपेला मी रंग जुळवला होता तो पायाशी, कारण टेबल उलटं ठेवलेलं असताना डोळ्यांसमोर पायच होता. स्वतःवर हसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

उजेडात फिका होणारं लाकूड

चेरीसारखी लाकडं उजेडात गडद होतात. त्यामुळे हाताला एक सवय लागते: नवा तुकडा थोडा फिका ठेवायचा, काळ त्याला जुळवून घेईल. अक्रोडात नेमकं उलट होतं. गाभ्याला तपकिरी रंग देणारी द्रव्यं उजेडात विरत जातात, चॉकलेटी लाकूड वर्षानुवर्षांत मधासारखं सोनेरी होतं. सगळ्यात जास्त फरक पहिल्या काही महिन्यांत पडतो, नंतर वेग मंदावतो. खिडकीची काच यातलं फारसं अडवत नाही. दृश्य उजेड तर येतोच, अतिनील किरणांचाही मोठा हिस्सा आत येतो. अतिनीलरोधक वॉर्निशने वेग कमी होतो, पण फिकं होणं थांबत नाही.

कोणाचाही सल्ला ऐकण्याआधी हे स्वतः करून बघा. ठिगळ ज्या फळीतून कापणार आहात तिचाच एक तुकडा घ्या. अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बांधा आणि तुकडा उन्हाच्या खिडकीत ठेवून द्या. तीन-चार आठवड्यांनी पुठ्ठा काढा. सरळ रेघ मारल्यासारखे दोन रंग समोर येतात. माझ्याकडचा असा तुकडा आता धारा लावायच्या दगडाशेजारी ठेवलेला असतो; रंग मिसळायला बसलो की आधी त्याच्याकडे नजर जाते.

याच तुकड्यावर रंगाचीही परीक्षा होते. स्पिरिटमध्ये विरघळणारे जुन्या पद्धतीचे पुडीचे रंग दिसायला फार सुंदर असतात, लाकडाच्या रेषा झाकत नाहीत, पण उजेडात सगळ्यात आधी तेच उडतात. मेटल-कॉम्प्लेक्स प्रकारचे, म्हणजे धातूशी बांधलेले, रंग त्यापेक्षा बरे. मातीचे रंग, म्हणजे अंबर, सिएन्ना वगैरे पिगमेंट, सगळ्यांत टिकाऊ. पण जाड लावले तर लाकूड गढूळ दिसतं. मी दोन्ही खेपेला पुडीचा रंग वापरला होता. तो रंग उडाला, खालचं नवं लाकूडही उतरलं, आणि दोन्ही मिळून तुकडा आजूबाजूच्या फळीपेक्षा फिका झाला. दुसऱ्या वेळी गडद रंग लावून मी हेच सगळं फक्त चार महिने पुढे ढकललं.

भिंगाखाली आणखी एक गोष्ट उघड झाली. माझ्या तुकड्याचा जवळजवळ निम्मा भाग गाभ्याचा नव्हताच. लाकूड कापणारे कारखाने ओल्या अक्रोडाच्या फळ्या वाफवतात, म्हणजे बाहेरचा पांढरा भागही तपकिरी होतो आणि फळी एकरंगी दिसते. कोऱ्या फळीवर हा फरक सहज कळत नाही. पण तो भाग वयानुसार गाभ्यासारखा बदलत नाही. राखाडी, पिठूळ राहतो. तुकडा निवडताना त्यावर टर्पेंटाइनचं फडकं फिरवा. ओलेपणी जे दिसतं ते पॉलिशखालच्या रंगाच्या बरंच जवळचं असतं, आणि उघड्या डोळ्यांना न दिसलेली सीमा तिथे उमटते.

मावशी "चौकोन" म्हणाली ते उगाच नाही

रंग शंभर टक्के जुळला तरी रेषेला काटकोनात जाणारा जोड डोळ्याला लगेच खटकतो. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने वाहतात आणि त्यांना आडवा छेद देणारी सरळ रेघ निसर्गात कुठेच नसते. म्हणून ठिगळ चौकोनी कापू नका. फळीच्या मध्ये असेल तर होडीच्या आकाराचं, दोन्ही टोकं निमुळती. कोपऱ्यावर असेल तर जोडाची रेघ रेषांच्या जवळजवळ समांतर, लांब तिरकी घ्या. जास्त चांगलं लाकूड कापावं लागतं आणि जीव वरखाली होतो, पण डोळा फसतो तो यानेच.

आता उलट्या तुकड्याबद्दल. अक्रोडाचे तंतू पृष्ठभागाला अगदी समांतर नसतात. किंचित वर येतात किंवा खाली जातात. त्यामुळे तोच पृष्ठभाग एका दिशेने पाहिला तर उजेड शोषतो आणि दुसऱ्या दिशेने पाहिला तर परत फेकतो, मखमलीवरून हात फिरवल्यासारखं. तुकडा टोकाची अदलाबदल करून बसवला की तो फळीच्या विरुद्ध वागतो: खिडकीकडून काळपट, दाराकडून चकाकता. कुठलाही रंग हे दुरुस्त करू शकत नाही, कारण एका बाजूने बरोबर केलं की दुसरीकडून दुप्पट बिघडतं. सरस लावायच्या आधी तुकडा जागेवर नुसता ठेवा, टर्पेंटाइनने दोन्ही ओले करा आणि दिवा हातात घेऊन टेबलाभोवती एक फेरी मारा. तुकडा आणि फळी एकदमच उजळत आणि एकदमच काळवंडत असतील तर दिशा बरोबर आहे. नसेल तर तुकडा फिरवा. खडूने त्यावर बाण काढून ठेवा, नाहीतर सरस लावायच्या गडबडीत पुन्हा उलटा बसतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

तिसऱ्या वेळी काय केलं

आधी जुनं पॉलिश कशाचं आहे ते पाहिलं. लपलेल्या जागी स्पिरिटचा थेंब टाकला, अर्ध्या मिनिटात चिकट झालं, म्हणजे चपडा लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नसतं आणि थिनरने मऊ झालं असतं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिलं असतं तर पॉलियुरेथेन किंवा तत्सम काही.

जुना तुकडा गरम ओल्या फडक्याने सरस सैल करून काढला. जनावरी सरस वापरण्याचा हाच मोठा फायदा. उष्णता आणि ओल मिळाली की सोडतो. पण ही फळी विनियरची होती. यंत्राने सोललेलं आजचं विनियर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं, जुनं करवतीने कापलेलं एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड. कडेच्या सरसालाही उष्णता लागली तर शेजारचं विनियर फुगतं, म्हणून फडकं तुकड्याच्या बाहेर जाऊ दिलं नाही. आणि घासताना विनियर मशीनखाली कधीच आणायचं नाही. हाताने, लाकडी ठोकळ्यावर 180 आणि मग 220 चा पेपर, बस.

नवा तुकडा शुद्ध गाभ्याचा घेतला, रेषा जुळवून, तिरक्या जोडाचा. फळी बरीच उतरलेली होती आणि तुकडा ताजा गडद, तेव्हा काहीतरी करणं भाग होतं. इथे लोक ब्लीचमध्ये घोटाळा करतात. तीन वेगळी ब्लीच आहेत आणि तिघांची कामं वेगळी. ऑक्झॅलिक ॲसिड लोखंडाचे काळे डाग काढतं, लाकडाचा मूळ रंग फारसा बदलत नाही. क्लोरीनचं ब्लीच पुडीचा रंग उडवतं. लाकडाचा स्वतःचा रंग उतरवायचा तर कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची दोन बाटल्यांची जोडी लागते. मी ती जोडी वापरली, तुकडा फळीत बसवण्याआधी, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि मुद्दाम अर्ध्यावर थांबलो. तुकडा फळीपेक्षा किंचित गडद राहिला. मग तो जोडीसोबत मिळालेल्या सूचनेप्रमाणे उदासीन करून, धुऊन, पूर्ण वाळू दिला.

त्यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो काही रंग लागला तो लाकडात मुरवला नाही. आधी मेण काढलेल्या चपडा लाखेचा एक हात दिला, त्यावर थोडंसं पिगमेंट मिसळलेल्या लाखेने बारीक ब्रशने रेषा ओढल्या, वर पुन्हा लाखेचे साधे हात. रंग दोन थरांच्या मध्ये आहे. उद्या लाकूड खाली आणखी उतरलं तर स्पिरिटच्या फडक्याने तो थर काढून नवा देता येईल, लाकूड न खरवडता.

राखाडी दिसणाऱ्या ठिगळांचं उत्तरही याच लाखेत आहे. पाण्याच्या पायाचं पॉलियुरेथेन अक्रोडावर थेट लावलं की लाकूड थंड, धुरकट दिसतं. खाली लाखेचा एक हात दिला की तेच लाकूड ऊबदार होतं. माझ्या मते अक्रोडावर पाण्याचं पॉलिश थेट मारूच नये, पण वासाला कंटाळलेल्या लोकांशी मी यावर वाद घालत नाही.

काळे आणि पांढरे ठिपके

काळे ठिपके खिळ्याभोवती, बिजागरीखाली, किंवा ओलं भांडं ठेवलं तिथे येतात. अक्रोडातलं टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आलं की शाईच तयार होते. स्टील वूलने घासून मग पाण्याचं पॉलिश लावणारे हे डाग स्वतःच्या हाताने पेरतात. अडकलेले बारीक तंतू गंजतात. त्याऐवजी कृत्रिम घासणी घ्या. पडलेला डाग घासून काढायला जाऊ नका, तो खोल असतो. जागा उघडी करून ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट द्रावण संपूर्ण फळीवर लावा, फक्त डागावर नाही, नाहीतर त्याचीच कड उमटते. नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने पुसा. वाळलेले स्फटिक घासले तर धूळ नाकाघशाला झोंबते आणि हे ॲसिड विषारी आहे. आणि खिळा तसाच राहिला तर डाग परत येणार, तेव्हा तो काढा किंवा पितळी स्क्रू घाला.

पांढरे ठिपके म्हणजे फिकी लांबी किंवा छिद्रांत वाळलेलं मेण. मेण टर्पेंटाइन आणि मऊ दातघासणीच्या ब्रशने निघतं. लांबी लाकडापेक्षा एक छटा गडदच घ्या. छिद्रं मुळात काळसर दिसतात, त्यामुळे गडद लांबी कोणाला कळत नाही.

धुळीबद्दल थोडंसं: अक्रोडाचा भुसा काहींच्या कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतो, तेव्हा मास्क लावा. काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्यांच्या तबेल्यात कधीही पसरू नये, त्याने त्यांच्या खुरांना गंभीर आजार होतो.

तिसऱ्या ठिगळाला आता दीड वर्ष झालं. मावशीने टेबल खिडकीपासून हातभर मागे घेतलं आहे आणि त्यावरचा दिवा ती अधूनमधून जागा बदलून ठेवते, खाली गडद वर्तुळ राहू नये म्हणून. गेल्या आठवड्यात मी कोपरा पाहिला. तिरक्या उजेडात अजून जरासा गडद वाटतो. मी फडकंही फिरवलं नाही.